टॅलो बेचा केल्प आणि माझा भाऊ

माझ्या भावाबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाही. सत्तरी ओलांडली मी. त्यातली निम्मी वर्षं त्याच्या होडीवर, त्याची बोलणी खात काढली, त्यामुळे त्याचं नाव निघालं की तोंडातून आधी शिव्याच येतात. तरीपण आज सांगते. आयव्हर टॅटनेल माझा भाऊ आहे याचा मला अभिमान आहे. नीट ऐकून घ्या, कारण मी हे दुसऱ्यांदा म्हणणार नाही, आणि त्याच्या तोंडावर तर मेले तरी म्हणणार नाही.

आम्ही टॅलो बेची माणसं. टास्मानियात जन्मलो, टास्मानियातच मरू. बाप समुद्रावर होता, आयव्हरही मिसरूड फुटायच्या आत समुद्रावर गेला. पाण्याखाली खडपाला चिकटलेले ॲबलोन, म्हणजे मोठे महागडे शिंपले, लोखंडी पट्टीने उचकटायचे आणि पोतडीत भरायचे, हा त्याचा धंदा. होडीवर इंजिनाचा पंप, पंपाला लांबलचक पिवळी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला तोंडाने हवा ओढणारा माझा भाऊ. वर नळी सांभाळायला पहिली काही वर्षं कोणी ना कोणी भाड्याचा गडी असायचा. मग माझा नवरा दारूच्या गुत्त्यातल्या एका बाईबरोबर मेलबर्नला पळाला, आणि आयव्हर सकाळीच दारात येऊन उभा राहिला.

"ग्लेनिस, रडून झालं असेल तर बूट घाल," म्हणाला. "नळी धरायला माणूस नाहीये."

"मी रडत नाहीये."

"मग उशीर कशाला?"

सांत्वन म्हणतात ते एवढंच. पण त्या दिवसापासून मी त्याची नळी धरली, ती आजपर्यंत. माणसाचा श्वास हातात धरून बसलं की त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

तेव्हा टॅलो बेमध्ये केल्प होता. आता लोकांना सांगितलं तर हसतात. समुद्रशेवाळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर दगडावरचं बुळबुळीत काहीतरी येतं. आमचा केल्प म्हणजे झाडी! तळाच्या दगडाला मुळांनी घट्ट धरलेली, तिथून सरळ वर आलेले देठ, प्रत्येक पातीच्या बुडाशी हवेचा फुगा. वर आला की पाण्यावर आडवा पसरायचा. ओहोटीला सगळा उपसागर तपकिरी दिसायचा. आयव्हर त्याला रोज शिव्या घालायचा, कारण नळी अडकायची, इंजिनाचा पंखा अडकायचा. पण बांधायला मात्र त्याच्याइतकं भरवशाचं काही नव्हतं.

हे बांधणं आमच्याकडचंच. टॅलो बेमध्ये कोणी नांगर टाकत नसे. नांगर टाकणारा म्हणजे शहरातला पाहुणा. आपला माणूस काठावरून हात पाण्यात घालायचा, चार-पाच देठ मुठीत धरायचा, वर ओढून होडीच्या खुंटीला एक वेढा द्यायचा. झालं. वारा येवो, लाट येवो, होडी तसूभर हलत नसे. खाली मुळांचा गड्डा लोकरीच्या गाठोड्याएवढा, तो कुणाच्या बापाला उपटत नव्हता. आम्हाला अक्षरं यायच्या आधी हा वेढा येत होता.

मग उत्तरेकडून कोमट पाणी खाली यायला लागलं आणि त्यात केल्प मरायला लागला. एका वर्षात नाही, हळूहळू. कोमट पाण्याबरोबर अर्चिन आले. काळे, लांब काट्यांचे गोळे ते. त्यांनी उरलासुरला केल्प बुडापासून कुरतडून खडप बोडकं केलं. केल्प कोणत्या दिवशी संपला ते कोणालाच सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की बापाच्या नेहमीच्या जागेवर मी होडी थांबवली, आयव्हरचा हात सवयीने पाण्यात गेला, आणि रिकामाच बाहेर आला. तो बराच वेळ त्या ओल्या हाताकडे बघत बसला. पुढच्या आठवड्यात आम्ही नांगर विकत घेतला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे रेडिओवर कोणी खरं बोलत नाही. होडीवरचा रेडिओ सगळ्या उपसागराला ऐकू जातो, म्हणून ॲबलोन उत्तरेला सापडले तर माणूस म्हणणार दक्षिणेला आहे, भरभरून सापडले तर म्हणणार आज काहीच नाही, कंबर दुखतेय. समोरच्यालाही ते ठाऊक, तोही उलटं धरूनच चालतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं हाच इथला रिवाज. आयव्हर तर त्यातला उस्ताद. पन्नास वर्षांत त्याने रेडिओवर आपली खरी जागा एकदाही सांगितली नव्हती.

तर, केल्प गेल्याला पुष्कळ वर्षं झाल्यावर सास्किया आली. होबार्टच्या प्रयोगशाळेतली तरुण पोरगी, पण हाडाची कष्टाळू. ठिकठिकाणी केल्पची जी तुरळक झाडं कोमट पाण्यातही तगली होती, त्यांचं बी घेऊन तिने दोऱ्यावर रोपं वाढवली होती. हिरवा दोरा, त्यावर नखाएवढी तपकिरी लव. ती रोपं खडपावर लावायला तिला होडी हवी होती आणि खडप ओळखणारा माणूस हवा होता.

आमच्या स्वयंपाकघरात ती बसली. आयव्हर बुटांची नाडी सोडत म्हणाला, "केल्प आला तर ॲबलोन येतील, हे मला कळतं. पण सरकार तुला पैसे ॲबलोनसाठी देत नसणार. खरं काय ते सांग."

"धुरासाठी," सास्किया म्हणाली. "गाड्या, कारखाने, तुमचा पंप, सगळ्यांचा धूर हवेत जातो, त्यातला कर्ब थोडाथोडा समुद्रात विरघळतो. केल्प तो कर्ब पाण्यातून घेतो आणि त्यातून आपलं अंग बनवतो. पाणी थंड असलं की दिवसाला हातभर वाढतो, आयव्हर. एवढं अंग कशाचं बनतं? त्याचंच."

"आणि मेला की कुजतो. मग धूर परत वर. त्यात काय मोठं?"

"जमिनीवरच्या झाडाचं पुष्कळदा तसंच होतं. केल्पचंही बरंचसं किनाऱ्यावर कुजतं, नाहीतर मासे खातात. पण काही तुटून भूशिराच्या बाहेर वाहत जातं. फुग्यांतली हवा संपली की बुडतं. तिथं पाणी इतकं खोल आहे, की एकदा खाली गेलेलं शेकडो वर्षं वर येत नाही."

"काही म्हणजे किती?"

"थोडं. नक्की किती ते आम्हालाही अजून कळलेलं नाही. खोटं कशाला सांगू?"

मला वाटलं, हा आता तिला हाकलणार. पण आयव्हरने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "माझ्या पंपाने पन्नास वर्षं धूर ओकला. थोडं तर थोडं. उद्या भरतीला ये. आणि ग्लेनिसच्या हातचा चहा पिऊ नकोस, पोट बिघडेल."

"तुझं पन्नास वर्षांत नाही बिघडलं," मी म्हटलं.

"आतून सगळा सडलोय, बाई."

तो लागला कामाला. खडपाला खिळे ठोकले, हिरवे दोरे ताणून बांधले, अर्चिन वेचून काढले. सगळ्या बंदराला करमणूक झाली. त्यात पुढे कोण? डार्सी वुल्नो. डार्सी मोठ्या बोटीवर खोल समुद्रात जाळं ओढतो आणि परत येताना रेडिओवर लोकांच्या खोड्या काढतो.

"काय रे आयव्हर, कोबी लावलायस की कांदे?"

"तुझं थडगं खणतोय."

"खत घाल हो चांगलं!"

पहिल्या उन्हाळ्यात सगळी रोपं गेली. आयव्हरने परत लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी न्हाणीघरासारखं कोमट झालं, आणि तीही गेली. एक सोडून. उत्तरेकडच्या टोकाला दोन मोठ्या दगडांच्या मध्ये एकच रोप तगलं, तगलं म्हणजे तरारलं! आयव्हर रोज त्याला बघायला जायचा. मी त्याचं नाव राणीसाहेब ठेवलं. सकाळी विचारायचे, "काय, राणीसाहेब कशा आहेत? जेवल्या का?" तो चिडायचा. आणि मग सांगायचा, पाती किती झाल्या, देठ किती जाड झाला. मी ऐकायचे.

त्या रोपावर सगळं येऊन ठेपलं होतं. सास्कियाच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं, की हे एक झाड शरद पार करून बी धरेल तर टॅलो बेचं काम चालू ठेवायचं. नाहीतर दोरे गुंडाळायचे आणि दक्षिणेला जायचं, जिथं पाणी थंड आहे. एकदा गेले की परत कोण येतंय आमच्याकडे? आयव्हरला ते पक्कं माहीत होतं. झाडाची जागा त्याने आम्हा तिघांपलीकडे कोणाला सांगितली नव्हती. कोणी पंख्याने कापेल, कोणी नांगराने फाडेल, म्हणून तो डार्सीला मुद्दाम दक्षिणेचं टोक सांगायचा.

एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन शरदात, मोठं वादळ झालं. ओसरल्यावर सकाळी आम्ही छोटी होडी घेऊन निघालो. खूण म्हणून लावलेला तरंगता डबा वाहून गेला होता. आयव्हर पुढे उभा, मी मागे इंजिनावर. तो डोळे फाडून पाणी बघत होता. मग एकदम ओरडला, "ग्लेनिस! अगं बघ! वर आलीय!"

आणि खरंच, पाण्यावर तपकिरी पाती आडव्या पसरल्या होत्या. वादळात टिकली होती, इतकंच नाही, पहिल्यांदाच पृष्ठभागाला लागली होती. किती वर्षांनी तो रंग बघत होते मी. आयव्हर लहान पोरासारखा हसत होता.

"इंजिन बंद कर, पंखा लागेल तिला," तो म्हणाला. मी बंद केलं. पण वादळाची लाट अजून पुरती बसली नव्हती. एक उसळी आली आणि होडी दगडांकडे सरकली. "वल्हं घाल, ग्लेनिस!" मी वल्हं शोधतेय, ते माझ्याच पायाखाली, दुसरी लाट येतेय, दगड हाताच्या अंतरावर, आणि तेवढ्यात आयव्हरचा हात पाण्यात गेला. चार-पाच देठ मुठीत. वर ओढले. खुंटीला एक वेढा.

होडी थांबली. अगदी बापाच्या वेळेसारखी थांबली. आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग दोघांनाही एकदमच कळलं.

"आयव्हर," मी म्हटलं, "काय केलंस हे?"

तो वेढा सोडायला वाकला. लाट खालून आली, होडी उचलली गेली, दोर ताणल्यासारखे देठ ताणले गेले. फार मोठा आवाज नाही झाला. होडी नुसती सैल पडली. त्याने ओढलं तसं सगळं वर आलं, पाती, देठ, फुगे, आणि शेवटी मुळांचा गड्डा, लहान मुलाच्या डोक्याएवढा, हिरव्या दोऱ्याचा तुकडा आणि मुठीएवढा दगड पोटाशी धरून. लोकरीच्या गाठोड्याएवढी मुळं व्हायला वर्षं लागतात. हिला कुठून असणार तेवढं बळ?

जित्याची खोड म्हणतात ती ही. डोक्याला माहीत होतं की केल्प एकच आहे. हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

आयव्हर ते झाड मांडीवर घेऊन होडीत बसला आणि रडला. मी त्याला बाप गेला तेव्हा रडताना पाहिलं नव्हतं, बायको गेली तेव्हाही नाही. मी नेहमीसारखं वाकडंच बोलले, "कुंपणानेच शेत खाल्लं." तो मुळांतली वाळू बोटाने काढत राहिला. तेव्हा मात्र मी घाबरले.

"बरं, ऐक," मी म्हटलं. "टाक ते पाण्यात. वादळ झालंय. वादळाने नेलं म्हणायचं. कोणी पाहिलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. टॅलो बेमध्ये कोणीही हेच म्हटलं असतं.

आयव्हरने बाहीने नाक पुसलं. हातातला छोटा रेडिओ तोंडाशी नेला. सगळा उपसागर ऐकतो ती वाहिनी लावली.

"आयव्हर बोलतोय," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐका. मी टॅलो बेच्या उत्तर टोकाला आहे. दोन मोठ्या दगडांच्या आत. इथं केल्पचं एक झाड होतं, वादळातून वाचलं होतं. मी होडी बांधली त्याला. उपटलं गेलं. वादळाने नाही, मी उपटलं. सास्कियाला कोणी विचारलं तर हेच सांगा. संपलं."

मी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण!

मग डार्सीचा आवाज आला.

"बांधलीस?"

"बांधली."

"एक वेढा का दोन?"

"एक."

"मी दोन दिले असते," डार्सी म्हणाला.

मग दुसऱ्या एका होडीवरून कोणीतरी म्हणालं, "माझा हातही तिकडेच गेला असता, आयव्हर." आणि आणखी कोणीतरी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला तिथे बसून रडावं लागलं नसतं.

आयव्हरने सास्कियाला फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आयव्हर, मुळाच्या वर लगेच बघा. फुगे नसलेल्या अरुंद पात्यांचा झुबका आहे का? हाताला बुळबुळीत, मधे गडद डाग?"

आयव्हरने बोटांनी चाचपलं. "आहे."

"नक्की?"

"पोरी, आहे म्हणतोय ना!"

"मग तिने बी धरलंय," सास्किया म्हणाली.

राणीसाहेब पोटुशी होत्या.

सास्कियाने भराभर सांगितलं. त्या पाती कापायच्या, ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर थंड जागी ठेवायच्या. थोड्या सुकल्या की दुसऱ्या दिवशी पाण्यात जाताच बी सोडतात. निम्म्या ती प्रयोगशाळेत नेईल. निम्म्या जाळीच्या पिशवीत घालून खडपावर टांगायच्या, बी खाली पडेल. पण उद्याच, उशीर केला तर पाती मरतील. आणि खाली खडपावर अर्चिन नकोत. एक जरी कळप राहिला तर रोपं डोळ्यांना दिसायच्या आत फस्त होतील.

"तिथं तर नुसते अर्चिनच आहेत," आयव्हर म्हणाला. "एकट्याने साफ करायचं तर महिना जाईल."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

पाती माझ्या धुण्याच्या टबात ठेवल्या, रविवारच्या जेवणाच्या चांगल्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून. तो डाग अजून गेलेला नाही. आयव्हर जेवला नाही. म्हणाला, पहाटे निघू, जमेल तेवढं करू. मी म्हटलं, जमेल तेवढं म्हणजे काहीच नाही. तो म्हणाला, थोडं तर थोडं.

सकाळी टोक ओलांडून आम्ही आत वळलो आणि मी इंजिन सोडून उभीच राहिले. उत्तर टोकाला होड्याच होड्या! टॅलो बेचे झाडून सगळे पाणबुडे तिथं होते, शेजारच्या उपसागरातलेही आले होते. एरवी एकमेकांच्या जागेवर गेले तर हाणामारीला येणारी माणसं. पंपांचा आवाज, पाण्यावर पिवळ्या नळ्यांचं जाळं, आणि खाली लोखंडी आकड्यांनी अर्चिन फोडण्याचं काम चालू. सगळ्यांचे नांगर लांब, वाळूत टाकलेले. पन्नास वर्षांत आयव्हरने पहिल्यांदाच खरी जागा सांगितली होती, म्हणून तर त्यांना यायला जागा सापडली.

डार्सीला पाण्याखाली जाता येत नाही, कान फुटलेत त्याचे. तो स्कॅलपच्या शिंपल्यांचं कालवण आणि कांद्याच्या रिकाम्या जाळीच्या पिशव्या घेऊन आला होता. "म्हटलं नव्हतं, कांदे लावतोयस म्हणून?" एवढंच बोलला, आणि पिशव्या माझ्या हातात दिल्या. सास्किया आली ती होड्याच मोजत राहिली. मी तिला म्हटलं, चहा घे, पोट बिघडलं तर आयव्हरला विचार.

दुपारी आयव्हर पाती भरलेल्या पिशव्या घेऊन खाली उतरला. एकेक पिशवी टांगताना वर माझ्या हातात त्याची नळी होती. त्या दिवशी त्याचा श्वास अगदी सावकाश चालला होता.

राहिलं ते बाकीचं झाड. देठ, पाती, मुळांचा गड्डा. टाकून द्यायला आयव्हरचा जीव होईना. परतताना त्याने होडी भूशिराच्या बाहेर न्यायला लावली, जिथून पुढे तळ खोल खोल होत जातो. झाड दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं, हिरव्या दोऱ्यासकट.

"जा, बाई," म्हणाला. "तुझं पुढचं काम कर."

फुग्यांवर तरंगत ती प्रवाहाला लागली. मला चेष्टा करायची होती, पण झाली नाही.

हिवाळाभर खडपावर काही दिसलं नाही. वरिष्ठांनी सास्कियाला वसंतापर्यंत मुदत दिली होती. डार्सी रेडिओवर विचारायचा, "कांदे?" आयव्हर म्हणायचा, "नाही." खरं सांगायचा. ऐकायची सवय नव्हती कोणाला, पण झाली.

वसंतात एका सकाळी तो खाली गेला आणि नेहमीपेक्षा लवकर वर आला. तोंडातली नळी थुंकून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ग्लेनिस, नांगर कुठं टाकलायस?"

"खाली. नेहमीच्या जागेपेक्षा थोडा आत. का?"

"काढ. लांब ने. अजून लांब! अगं, तिथं सगळीकडे आहेत ती!"

"किती आहेत?"

"मोजायला बसू का आता? काढ म्हणतो ना!"

इतकी गोड बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. सास्कियाला कळलं तेव्हा तिने फोनवरच किंकाळी फोडली. दोरे दक्षिणेला गेले नाहीत. ते इथंच राहिले, आणि आजही आहेत.

तेव्हापासून होडी उत्तर टोकाजवळ आली की मी ओरडते, "हात खिशात!" आणि माझा म्हातारा भाऊ निमूटपणे दोन्ही हात खिशात घालतो. इतर होड्यांवरही तेच ओरडतात आता. टॅलो बेचा नवा रिवाज आहे तो.

उन्हाळ्याच्या तोंडावर, आम्ही तिघं रोपांवर होतो. सास्किया होडीत बसून काहीतरी मोजत होती. रेडिओ खरखरला.

"आयव्हर? डार्सी बोलतोय. मी बाहेर आहे. तळ जिथून एकदम खाली कोसळतो ना, त्या कड्याच्या पलीकडे, भूशिराच्या थेट आग्नेयेला." सरळ खरी जागा सांगितली त्याने, भर रेडिओवर, जाळं पाण्यात असताना. "माझ्या जाळ्यात तुझी कोणीतरी आली आहे. केल्पचा गड्डा आहे, पोटाशी दगड धरलाय. त्यात हिरवा दोरा."

सास्कियाच्या हातातली पाटी खाली पडली. आयव्हरने खिशातून हात काढला आणि रेडिओ घेतला.

"किती खोलावरून काढलास?"

"चारशे वाव, पाऊण किलोमीटर तरी."

"कशी दिसतेय?"

"काळी पडलीय. फुगे फुटलेत. पण आहे बऱ्यापैकी शाबूत. बर्फात ठेवू? संध्याकाळी आणून देतो."

"हो हो, बर्फात ठेवायला सांगा!" सास्किया म्हणाली. "आयव्हर, असं काही कधी हाताला लागत नाही, मला हवी आहे ती!"

आयव्हरने तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर भूशिराकडे. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"डार्सी," तो म्हणाला, "या पोरीसाठी एक छोटा तुकडा कापून घे, आणि चांगला फोटो काढ. बाकीची होती तिथंच परत सोड."

"सोडू? अरे, तुझी राणी आहे ती."

"म्हणूनच. कामावर आहे ती, डार्सी. मधेच उठवू नकोस."

सास्किया रेडिओच्या आणखी जवळ सरकली. मग डार्सी म्हणाला, "सोडली, आयव्हर. गेली खाली."

आयव्हरने रेडिओ ठेवला आणि हात परत खिशात घातले.

"बघतेस काय, ग्लेनिस," म्हणाला, "वल्हं मार. माझे हात खिशात आहेत."

मी मारलं.